बिनचोरीचं वर्ष

वर्षभरात वसाहतीत एकही चोरी झाली नाही, असं दत्तारामने कागदावर लिहिलं आणि तो कागद अप्पांकडे दिला. रविवारी सकाळी अप्पांच्या पडवीत बैठक होती. पोलीस ठाण्यातून हवालदार सत्यवान आले होते. त्यांनी कागद वाचला.

"गेल्या वर्षी चार, यंदा शून्य," ते म्हणाले. "साहेबांना दाखवतो. बाकीच्या वसाहतींनी तुमचं बघून शिकावं."

कोणीतरी टाळी वाजवली. मग दत्ताराम तिथेच बसलाय हे आठवून हात आवरले.

मालवणच्या बाहेर माळावर ही अकरा घरांची वसाहत. आदल्या वर्षी दोन घरं फुटली, एक मोटरसायकल गेली आणि बालवाडीच्या बाईंची साखळी भर दुपारी गळ्यातून खेचली. तेव्हा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या दत्तारामनेच सगळं अंगावर घेतलं. वेल्डर आणला, स्वतः उभा राहिला आणि दहा घरांच्या दारांना लोखंडी जाळ्या बसवून घेतल्या. प्रत्येक घराला दार एकच. कुलूप आतून. किल्ली दाराजवळ ठेवायची नाही, चोर काठी घालून ओढतो, हेही त्याने घरोघरी बजावलं. किल्ली स्वयंपाकघरात, खिळ्याला.

जाळी नव्हती ती फक्त अक्कांना. त्या दत्तारामच्या शेजारी एकट्या राहायच्या. वय शहात्तर.

"आता अक्का तेवढी रवली," अप्पा म्हणाले. ते वसाहतीचे अध्यक्ष. "दत्ताराम, ती तुझा ऐकता. तू सांग तिका."

"बघतंय," दत्ताराम म्हणाला.

खरं तर तीन महिन्यांत त्याचं आणि अक्कांचं धड बोलणं झालं नव्हतं. त्याला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच विचारायला तो घाबरत होता.

तीन महिन्यांपूर्वी तो चुलतभावाच्या बाराव्याला तळेऱ्याला गेला होता. परतायला उशीर होणार म्हणून संध्याकाळी त्याने नाक्यावरून बायकोला, सुगंधाला फोन केला. "जाळीक कुलूप लाव. मी येयसर उघडू नको."

"दिवेलागणीक कोण दार लावता?" सुगंधा म्हणाली. "लक्ष्मी भायरच रवात."

"लक्ष्मी नाय येयत, चोर येतत. लाव सांगतंय ना."

सुगंधाने लावलं. देवापुढे दिवा लावून ती बाहेरच्या खोलीत आली आणि पडली. अक्कांनी हाका मारल्या, माणसं धावली, बाजारातून वेल्डर आणून जाळी कापेपर्यंत पाऊण तास गेला. इस्पितळात पोचायच्या आत ती गेली. वेळेवर आणली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. दत्तारामनेही विचारलं नाही. कापलेली जाळी त्याच आठवड्यात पुन्हा जोडून मिळाली. नको म्हणायचंही त्याला सुचलं नव्हतं.

बैठकीनंतर तो अक्कांकडे गेला. त्या पायरीवर ओले काजू सोलत बसल्या होत्या. दार नेहमीसारखं सताड उघडं.

"काय रे, माझी जाळी घेवन इलंस?"

"अप्पांनी पाठवल्यानी."

"तेका सांग, माझ्या घरातसून चोर काय न्हेतलो? इलोच तर तेका सांगतलंय, बाबा, इलंस तसो डोळ्यात औषध घालून जा. माझो हात थरथरता."

दत्ताराम हसला नाही. तो खालच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "अक्कानू, त्या दिवशी ती काय बोलली?"

अक्कांचे हात थांबले. "तीन महिने लागले तुका विचारूक."

"तुमीपण काय सांगलास नाय."

"नाय सांगलंय." त्यांनी काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं लुगड्याला पुसली. "दिवो दिसलो, पण ती जाळीकडे इली नाय. म्हणून मी बघूक गेलंय. जाळीच्या जवळच पडलेली. मी हात आत घातलंय. माझी बोटां तिच्या बोटांक लागली. तेच्या फुडे हात जाय ना."

"किल्ली?"

"आत आसा म्हणाली. उठूक बघल्यान. जमला नाय. मगे माकाच सांगता, अक्का, तू घाबरू नको."

दत्ताराम खाली बघत राहिला. "आणि?"

"म्हणाली, हे इले की तेंका सांग, दार मी माझ्या मनान लावलंय. तेंनी काय सांगूक नाय हुता."

रस्त्यावरून मासेवालीची स्कूटर हॉर्न वाजवत गेली.

"तुझो फोन इलो तेव्हा मी तिच्याच बाजूक हुतंय," अक्का म्हणाल्या. "तू आराडलंस तां मी आयकलंय. ती खोटा बोलता ह्यां माका म्हायत हुता. तां खोटा तुका कसा सांगू? आणि खरा तरी कसा सांगू? म्हणून तुझ्या वाटेक इलंय नाय."

दत्तारामला वाटत आलं होतं की सुगंधा त्याच्यावर रागावून गेली असेल. त्या रागाची त्याने तीन महिन्यांत सवय करून घेतली होती. रागावली असती तर बरं होतं. तिने तर त्याला सोडवायला बघितलं होतं, जमिनीवर पडल्या पडल्या. आता तो कोणाकडे माफी मागणार होता?

"पाणी मागल्यान काय तिणा?"

"नाय रे."

तो उठला आणि अप्पांकडे गेला. अप्पा जेवायला बसत होते.

"काय म्हणता अक्का?"

"तिका जाळी बसवूची नाय."

"ऐकणा नाय?"

"मीच सांगतंय, बसवूची नाय. आणि माझी मी काढतंय."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. "दत्ताराम, आता काढून काय उपयोग?"

"काय नाय," तो म्हणाला. "हवालदारांका नऊ घरां म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून लोखंड कापायची करवत घेऊन बसला. चोराला उघडता येऊ नयेत म्हणून सगळे बोल्ट त्यानेच वेल्डिंग करून घेतले होते. एकेक बोल्ट अर्धा अर्धा तास घेत होता. चौथ्याला पातं तुटलं. त्याने दुसरं लावलं. हाताला फोड आले, तरी त्याने कोणाला बोलावलं नाही.

जेवणवेळेला जाळी सुटली. त्याने ती ओढत नेऊन घरापुढच्या खळ्याच्या कडेला टाकली आणि तिथेच उभा राहिला. घरात जायचं त्याच्या मनात येईना.

अक्का वाडग्यात पेज घेऊन आल्या, त्याच्या बाजूने सरळ आत गेल्या आणि सुगंधा पडली होती त्या जागेजवळ जमिनीवर बसल्या.

"ये," त्या म्हणाल्या. "थंड होतली."