इताती मला तोंड लावत नाही

मी एक जुनी चांदीची नळी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, रडगाणं गायला बसलेली नाही. कोरिएन्तेस शहरातल्या एका सोनाराने मला घडवलं. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात 'माते' या आमच्याकडच्या चहाची कडू पत्ती, वर गरम पाणी, आणि त्यात मी. तुंबा घरभर फिरतो, सगळे माझ्यातूनच पितात. पिण्याआधी मला पुसणं म्हणजे आमच्याकडे घरच्यांचा अपमान. या मानावर मी चाळीस वर्षं मिरवले.

घरातल्या इतातीचं यकृत जन्मापासून दुबळं. सहाव्या वर्षी ते पार थकलं, तेव्हा ग्रासिएलाने, तिच्या आईने, आपल्या यकृताचा तुकडा तिला दिला. शरीराने तो झिडकारू नये म्हणून रोज औषधं, आणि त्या औषधांनी पोरीची प्रतिकारशक्तीच लुळी पडली.

ती इस्पितळातून घरी आली त्या रविवारी फेर्मिनमामाने तुंबा पुढे केला. "घे गं चिमणे, आता तू मोठ्यांतली!" तिने घोट ओढला. मी मूर्ख, फुशारले.

तीन आठवड्यांत ताप चढला, डोळे पिवळेजर्द झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू आहे. धडधाकट माणसांच्या लाळेत गुपचूप राहतो. हिच्या मात्र यकृतात आणि पित्तनलिकांत शिरलाय. कुणाकडून आला, ते सांगता येणार नाही. पण यापुढे सगळ्यांची उष्टी नळी हिला देऊ नका."

"मग आमच्या नळीवर आळ कशाला?" मामा तडकला.

कशाला म्हणजे? दहा तोंडांची लाळ होती माझ्यावर! मला माझीच लाज वाटली.

दीड महिना शिरेतून औषध चाललं, तेव्हा कुठे पोर वाचली.

परवा तिच्या वाढदिवसाला मामाने पुन्हा तुंबा धरला. आमच्याकडे 'आभार' म्हटलं की 'आता मला पुरे' असा अर्थ. तिने हातही न लावता म्हटलं, "आभार, मामा."

"अगं, एक घोटही न घेता? घरची नळी चालेना होय! मोठी राणी लागून गेलीस!"

"राणी नाही. आईने पोट चिरून यकृत दिलंय मला. तुला राग येईल म्हणून ते घालवू?"

मामाचं तोंड एवढंसं झालं. ग्रासिएलाने त्याच्या हातून तुंबा काढून घेतला.

मित्रांनो, असं मूल 'नको' म्हणालं तर रुसू नका, गळ घालू नका. मला खुशाल वितळवा, पण तिच्या ओठांना लावू नका!