मॅडमचं ओके

मावशीने सवयीने तपासायच्या टेबलावर नवा कागद अंथरला, पडदा ओढला, आणि मग तिच्या लक्षात आलं, आज या कागदावर आपल्यालाच झोपायचंय. ती ब्लाउजची बटणं काढू लागली. अंघोळ करताना डाव्या छातीत हाताला लागलेली गाठ तिने घरी कुणालाच सांगितली नव्हती. मॅडमना सांगायलासुद्धा तिने आज-उद्या करत बरेच दिवस घालवले होते.

सोनोग्राफीच्या या खोलीत बायकांना आत घ्यायचं, धीर द्यायचा, शेवटी जेल पुसून उठवायचं, हे मावशीचं काम. डॉक्टर मॅडम मितभाषी. त्यांचा सगळा कारभार एका 'ओके'वर चाले. चहा आला, ओके. पंखा दुरुस्त करणाऱ्याने पुन्हा उद्याचा वायदा केला, की नाक फेंदारून ओके. पण तपासताना तोंडून निघणारे ओके निराळे, आणि ते मावशीला तोंडपाठ होते. पटापट दोन आले की बाई हसत घरी जाणार. लांबवलेला आला तर मॅडमना अजून बघायचंय. आणि एक होता अगदी हळू, सुस्कारा सोडावा तसा. तो ऐकला की मावशी उगीचच कापूस शोधायला लागे, नाहीतर तिचा चेहराच सगळं सांगून गेला असता.

मॅडमनी जेल लावलं. हातातलं यंत्र छातीवरून फिरलं, एका जागी थांबलं, पुढे गेलं आणि परत तिथेच आलं. मावशीने जिवाचा कान केला.

मॅडम काहीच बोलल्या नाहीत.

तो हळू ओके आला असता तरी चाललं असतं, निदान काय ते कळलं असतं. इतकी शांतता तिने या खोलीत कधी अनुभवली नव्हती. त्या हळू ओकेच्याही पलीकडे काही असतं की काय? नवऱ्याला साधा वरण-भातही लावता येत नाही, हे नेमकं आत्ताच कशाला आठवावं, तेही तिला कळेना.

"मॅडम, एकदा ओके म्हणा की."

"नाही म्हणणार."

"का हो?"

"तुम्ही कान देऊन ऐकता म्हणून. मला काय माहीत नाही का, मावशी?"

"म्हणजे वाईटच आहे."

मॅडमनी हात थांबवला. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं साधं दिसतंय, पण गाठीची एक कड मला आवडत नाही. सुईने तुकडा काढून तपासायला द्यावा लागेल. उद्याच जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."

"तुम्हालाच कळत नाही?"

"नाही."

"मग बाकीच्या बायकांना पटापट म्हणता ते?"

"तेव्हा कळलेलं असतं." मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "बहुतेक वेळा."

मावशी छताकडे बघत राहिली. किती बायकांना तिने दारापर्यंत सोडताना हलकेच सांगितलं होतं, जा निवांत, काही नाही निघालं. मॅडमच्या आधी, मॅडमना न विचारता. ज्या पुन्हा आल्या नाहीत त्या बऱ्या झाल्या, असंच ती आजवर धरून चालली होती. आता तिला त्यांच्याबद्दल भीती वाटली आणि स्वतःबद्दलही.

मॅडमनी तिचं जेल स्वतःच पुसलं. मावशीने बटणं लावली, पदर सारखा केला आणि दार उघडलं. बाकावरची पहिली मुलगी लगबगीने उठली.

"मावशी, काही निघणार नाही ना हो?"

रोजचं वाक्य मावशीच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. तिने नुसताच हात पुढे केला. मुलीने तो घट्ट धरला आणि दचकून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"अगंबाई, केवढा गार पडलाय तुमचा हात! बसा, आधी बसा बघू इथे."

मावशी बसली. ती मुलगी शेजारी टेकून दोन्ही तळव्यांनी तिचा हात चोळत राहिली.