पंप चालू असतानाचा सूर

ताईच्या गाण्याला हवा होता तसा गिटारचा आवाज मला अखेर सापडला. अभिनंदनाबद्दल आभार. आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं समजू या, कारण घरात आम्हीही तसंच समजतो.

ताई रविवारी नोकरीसाठी दूरच्या शहरात जाणार होती. जाण्याआधी तिला स्वतःचं एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं. गाणं तिचं, गळा तिचा, आणि शब्द संपल्यावर शेवटचा तुकडा माझ्या गिटारचा.

“शेवटी गिटारने रडायचं नाही,” ती म्हणाली. “रडू आवरल्यासारखं वाजलं पाहिजे.”

“त्याचं बटण कुठलं?”

“मला काय विचारतोस? डबे तू जमवलेस ना ढीगभर?”

डबे म्हणजे ओव्हरड्राइव्हची पेडलं. ती पायाने दाबली की गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपला झेपतं त्याहून थोडं जास्त दिलं जातं आणि आवाज कडेने किंचित फाटतो. सगळी गंमत त्या ‘किंचित’मध्ये आहे. मी एक पेडल लावलं की मधमाशी ऐकू यायची. दोन लावली की मधमाश्यांची सर्वसाधारण सभा. अँप कपड्यांच्या कपाटात ठेवून पाहिला. शर्टांना आवडलं असावं, ताईला नाही.

मग मंगळवारी सकाळी दात घासता घासता मी सहज एक स्वर छेडला आणि तो आला. उबदार, जाडसर, बोलता बोलता थांबल्यासारखा. ताई इस्त्री टाकून दारात आली.

“हाच! कशाला म्हणून हात लावू नकोस!”

आम्ही प्रत्येक बटणावर तिच्या नेलपॉलिशने खूण केली. फरशीवर खडूने अँपची जागा आखली, खुर्चीची आखली, आणि ताईच्या हट्टापायी माझ्या पावलांचीही. संध्याकाळी सगळं खुणेबरहुकूम मांडून मी वाजवलं. मधमाशी.

“ब्रश!” ताई म्हणाली. “तोंडात ब्रश होता तुझ्या!”

मी फेसासकट ब्रश तोंडात धरून वाजवलं. आता मधमाशीला पेस्टचा वास येत होता, एवढाच फरक.

बुधवारी तेच. सकाळी आवाज यायचा, संध्याकाळी जायचा. गुरुवारी सकाळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “माझा मिक्सर कण्हायला लागला की तुझं बरं वाजतं बघ.”

“म्हणजे?”

“म्हणजे पंपकाकांनी पंप लावला की. वर बघ ना जरा, दिवा कसा पिवळा पडलाय.”

आम्ही वर पाहिलं. खडूने आखायची राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

पंपकाका तळमजल्यावर राहतात. रोज सकाळी टाकीत पाणी चढवायचा इमारतीचा पंप त्यांच्या ताब्यात असतो. पंप इतका जुना, की तो सुरू झाला की सगळ्या घरांची वीज ओढून घ्यायचा. विजेचा दाब पडला की माझा जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा अँप धापा टाकायचा, आणि ताईला हवी होती ती ही धापच. इतके महिने मी त्या बिचाऱ्याला जास्त जास्त देत होतो. त्याला थोडं कमी द्यायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुणावर प्रेम करताना माझी आजी अशीच चुकायची. पण तिच्याकडे निदान पेडलं नव्हती.

शनिवारी सकाळी रेकॉर्डिंग ठरलं. पंपकाका गंभीर झाले.

“मी नक्की काय वाजवायचंय?”

“पंप.”

“सराव लागेल का?”

“तुमचा झालाय, काका.”

शुक्रवारी दुपारी वीज कंपनीची माणसं आली आणि कोपऱ्यावर नवा ट्रान्सफॉर्मर बसवून गेली. कमी दाबाची तक्रार आमच्याच इमारतीने केली होती. पहिली सही पंपकाकांची, दुसरी आईची, तिसरी माझी.

शनिवारी पंप लागला. दिवा ढिम्म. मिक्सर तर भलताच उत्साहात. गिटारमधून मधमाशी. मग आम्ही गीझर लावला, इस्त्री लावली, हीटर माळ्यावरून काढून लावला. आईने जिन्यातून शेजारच्या मावशींना हाक मारली, “अहो, तुमचीही इस्त्री लावा! कारण मग सांगते!” पुन्हा मधमाशी, आणि मग फट्. आमच्या घराचा फ्यूज उडाला.

“राहू दे रे,” ताई म्हणाली.

तिने मोबाइल ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभं राहून, गिटारशिवाय गाणं म्हटलं. शब्द संपले. मी रेकॉर्डिंग बंद करायला पुढे झालो तर तिने माझा हात धरला. माझा तुकडा जेवढा लांब होता, तेवढा वेळ ती गप्प उभी राहिली. कुणीच रडलं नाही. मग तिने बटण दाबलं.

“ही जागा तुझी. आवाज मिळाला की भर.”

रविवारी ती गेली. ते रेकॉर्डिंग मी रोज ऐकतो. रिकाम्या जागेत खालून पंपाची घरघर ऐकू येते. काका सुरात आहेत. सोमवारी वीज कंपनीच्या कार्यालयात पुढील अर्ज दिला. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि शिक्का मारायचा की नाही हे विचारायला आत गेल्या.

“महोदय, आपण बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आमच्या इमारतीचा वीजपुरवठा उत्तम झाला आहे, याबद्दल तीव्र नाराजी. तरी आपल्या सोयीच्या कोणत्याही एका सकाळी, एका गाण्याचा शेवट होईपर्यंत, तो पूर्ववत खराब करून मिळावा, ही नम्र विनंती. पंप अर्जदाराचा असेल.”