इंजिन कोण बांधणार

सासऱ्यांच्या गाडी धुण्याच्या दुकानात एक नियम होता. ज्यानं इंजिन बांधलं, त्यानंच धुऊन झाल्यावर पहिली चावी फिरवायची. गाडी चालू झाली तर शाबासकी त्याची, खोकली तर बोलणीही त्यालाच. गेली काही वर्षं ही चावी घरची थोरली सून फिरवत होती.

बांधणं म्हणजे बॉनेट उघडायचं आणि पाण्याचं वावडं असलेल्या प्रत्येक वस्तूला प्लास्टिकची पिशवी घालायची. एअर फिल्टरचं तोंड, फ्यूजचा डबा, अल्टरनेटर, बॅटरी. जिथं दिराचा पंजा मनगटाशीच अडायचा, तिथं हिचा हात कोपरापर्यंत जाऊन यायचा. पिशवीचं तोंड नेहमी खाली, म्हणजे ओघळ आत उतरत नाही. दोरीला सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की सगळं मोकळं. असं बांधता बांधता तिला आतल्या तारा ओळखीच्या झाल्या आणि कुठली तार कुठं जाते, याचं वेडच लागलं.

"आमच्या सूनबाईनं बांधलेल्या इंजिनात थेंब शिरत नाही!" मामंजी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. सुरुवातीला तिला गुदगुल्या व्हायच्या. आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय आणि खालची शिडी काढून घेतलीय, हे बाईच्या फार उशिरा लक्षात आलं.

गल्लीच्या टोकाला गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप होतं. तिथल्या मालकीणबाई एकदा गाडी धुवायला आल्या आणि तिचं काम बघतच राहिल्या. "माझ्याकडे ये, वायरिंग शिकवते. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर हो. नंतर जागा दुसऱ्याला."

घरात कुणी नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मामंजी तोंडभर हसून म्हणाले, "जा की! आम्ही काय धरून ठेवलंय? फक्त आधी कुणाला तरी बांधायला शिकव."

तिनं नवऱ्याला शिकवलं. त्यानं बांधलं, गाडी धुतली, चावी फिरवली. गाडी ढिम्म हलेना. बघितलं तर फ्यूजच्या डब्याची पिशवी तोंड वर करून बांधलेली, आत पाण्याचं डबकं. पुन्हा शिकवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही डबाच भिजला. "माझे हात जाड आहेत गं," तो मान खाली घालून म्हणायचा. सासूबाई तिच्यापुढे चहा ठेवायच्या. "तुझ्यासारखं नाही हो कुणाला जमत." त्या कौतुकानं तिचा जीव गुदमरायचा. कुठंच कडी लावलेली नव्हती, तरी पाय बाहेर निघत नव्हता. तिला वाटायचं, दोष आपलाच, आपल्याला शिकवताच येत नाही.

सोमवार उद्यावर आला. रविवारी सकाळी ती पिशव्या आणायला बाहेर पडली, पर्स विसरली म्हणून मागच्या दारानं परत आली, आणि साबणाच्या पिंपाआड थबकली. नवरा आपल्या जुन्या मित्राची गाडी बांधत होता. पिशवीचं तोंड खाली. सुरगाठ. हात कसे झरझर चालले होते! त्यानं इंजिन धुतलं, पिशव्या सोडल्या, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू. बॉनेटवर थाप मारून तो वळला, तर समोर बायको.

"अगं... आज कसं काय जमलं, कोण जाणे."

"आजचं राहू द्या. आधी तीनदा बिघडलं, ते कसं जमवलंत तेवढं सांगा. दर वेळी फ्यूजचा डबाच. फिल्टर एकदाही ओला नाही, कारण तिथं पाणी गेलं तर इंजिनच कामातून जातं. इतकं नेमकं चुकायला चांगलं काम यावं लागतं."

माणूस वाईट नव्हता. त्याला दुसरी थाप सुचली नाही. "बाबा म्हणाले, तू गेलीस की गिऱ्हाइकं तुटतील. आणि माझ्याही जिवावर आलं गं. तू तिकडे रमशील आणि मी इथं पाइप धरून उभा राहीन."

तिला रडू फुटलं, ते संतापाचं होतं. "मामंजींना सांगते."

"सांग. ते दुसरं काहीतरी निमित्त काढतील. तू इतकं चांगलं बांधतेस ना, तोवर ते काढतच राहतील."

दुपारी गर्दी भरात असताना मामंजींनी आपली पांढरी गाडी पुढे आणली. दर रविवारी ती चारचौघांसमोर धुतली जायची, दुकानाची जाहिरात म्हणून. "सूनबाई, घ्या!"

तिनं बॉनेट उघडलं. फिल्टर नीट बांधला, अल्टरनेटर बांधला. मग फ्यूजच्या डब्यापाशी आली. हात सवयीनं पिशवीचं तोंड खाली वळवायला लागले. तिनं ते दातओठ खाऊन थांबवले. तिनं पिशवी तोंड वर करून बांधली, आणि मान वर केली.

पाइप धरून उभ्या असलेल्या नवऱ्यानं ते पाहिलं होतं. त्यानं एकदा वडलांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग पाणी सोडलं.

धुऊन झाल्यावर पिशव्या सोडून ती आत बसली आणि चावी फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. पुन्हा फिरवली. बघणारे पुढे सरकले.

"पाणी शिरलं?" मामंजींचा आवाज चिरकला.

"शिरलं, मामंजी."

"तुझ्या हातून?"

"माझ्या हातून."

रांगेतलं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. "मग आता आमच्या गाड्या कोण बांधणार?"

तेवढ्यात नवऱ्यानं पाइप खाली ठेवला. "मी बांधतो. मला येतं, बाबा. पहिल्या दिवसापासून येतं."

ती गाडीतून उतरली, चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपले हात पुसले.