डीफॉल्टची जागा

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला नाही की शेतात झाला नाही. मी एक जुने फंक्शन आहे, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रामचा छोटा तुकडा, जावास्क्रिप्ट या संगणकी भाषेत लिहिलेले, सात ओळींचे. मुलाचे वजन माझ्या हाती द्या, तापाचे औषध एका वेळी किती पाजायचे ते मी सांगते. याहून जास्त मला काही येत नाही.

मला लिहिले ते एका दवाखान्याच्या संगणक विभागातल्या ताईने. तिची धाकटी बहीण त्याच दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिथे भिंतीवर औषधाच्या मापांचा एक तक्ता चिकटवलेला असे. त्यात नऊ किलोचे मूल होते, दहाचे होते, साडेनऊचे मात्र नव्हते. हा अंदाजपंचे कारभार धाकटीला सहन होईना. तिने ताईच्या मागे लकडा लावला आणि ताईने एका दुपारी मला लिहून काढले.

मी एका फाइलीत एकटेच राहत असे. ताईने माझ्या आधी दोन शब्द लिहिले होते, एक्स्पोर्ट डीफॉल्ट. म्हणजे दुसऱ्या एखाद्या फाइलीने या फाइलीकडे इम्पोर्टची मागणी केली आणि नेमके कोण हवे ते सांगितले नाही, तर मलाच पाठवायचे. हा मान एका फाइलीत एकालाच मिळतो. शिवाय नेणाऱ्याने मला वाटेल ते नाव द्यावे, अशी त्यात मुभा असते. वॉर्डातल्या संगणकाच्या पडद्याची फाइल मला डोस म्हणे. बाटलीवरची चिठ्ठी छापणारी फाइल मात्रा म्हणे. घरातल्या तान्ह्याला आत्या एका नावाने बोलावते आणि मामा दुसऱ्याच, तसेच हे. मी सगळ्यांना ओ देत असे. खोटे कशाला सांगू, मला ते आवडायचे.

अशी सहा वर्षे गेली. सुरुवातीला मोठ्या डॉक्टरांनी माझे कौतुक केले, मग सगळ्यांना सवय झाली. धाकटीही वजन घाली आणि जो आकडा येईल तेवढे औषध ओती. माझ्याकडे ढुंकून पाहायचे कोणाला कारणच उरले नाही.

मग एके सकाळी औषध भांडाराने ताईकडे नवी मागणी केली. प्रत्येक मुलाला दिवसभरात मिळून किती औषध लागेल, तो आकडा त्यांना हवा होता. ताईने माझ्याच फाइलीत दुसरे फंक्शन लिहिले. तेही वजनच घेई, पण चारही वेळांचे औषध एकत्र करून सांगे. आता हेच फाइलीतले मुख्य, असे ठरवून ताईने डीफॉल्टचा मान त्याला दिला आणि मला साध्या एक्स्पोर्टवर ठेवले. यापुढे मला न्यायचे तर महिरपी कंसात माझे खरे नाव लिहावे लागणार होते. तिला वाटले, जुन्या फाइली मला शोधतील, मी सापडणार नाही, संगणक बोंब मारील, आणि मग तिथल्या तिथे दुरुस्त करता येईल.

संगणकाने हूं की चूं केले नाही. जुन्या फाइलींनी माझे खरे नाव कधी घेतलेच नव्हते. डीफॉल्टच्या जागेवर जे असेल ते त्या उचलून नेत, आणि आता त्या जागेवर दुसरेच बसले होते. त्यांनी त्यालाच डोस म्हटले आणि त्यालाच मात्रा म्हटले. मी त्याच्या शेजारीच होते, पण कोणी बोलावल्याशिवाय फंक्शनला तोंड उघडता येत नाही.

दुपारी धाकटीने आठ किलोच्या एका बाळाचे वजन घातले. पडद्यावर सोळा मिलिलिटर आले. मी असते तर चार म्हटले असते. तिने मापाच्या पेल्यात सोळा ओतले, तेव्हा बाळाची आई सहज म्हणाली, "सकाळी तर अगदी तळाशी होतं एवढंसं."

धाकटीचा हात थांबला. तिने ताईला फोन लावला. ताईचे म्हणणे पडले की, आकडा संगणक काढतो आहे, तो चुकेल कसा.

"काढतोय तुझा संगणक, ताई, पण पाजणार मी आहे," धाकटी म्हणाली. "वर ये."

ताई दोन-दोन पायऱ्या चढत आली. पडदा पाहताच तिचा चेहरा उतरला. गुपचूप दुरुस्त केले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण तिने आधी मोठ्या डॉक्टरांना सगळे सांगितले. मग दोघी बहिणींनी सकाळपासूनची यादी काढली. वॉर्डात अजून कोणाला चुकीचे औषध गेले नव्हते. मात्र एक चिठ्ठी छापली गेली होती, आणि ती बाटली घेऊन एक लहान मुलगी तासाभरापूर्वी घरी गेली होती.

धाकटीने तिच्या वडिलांना फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिसऱ्यांदा वडिलांचा आवाज आला.

"औषध पाजलंत का?" धाकटीने विचारले.

"नाही अजून. झोपलीय. उठली की देतो."

बाटली परत आणायची, थेंबही द्यायचा नाही, हे धाकटीने वडिलांना दोनदा बजावले. ताई रडत होती. मला रडता येत नाही, पण लाज वाटली. कोणीही कोणत्याही नावाने बोलवावे आणि मी खूश व्हावे, यात माझेही काही चुकले होते.

त्याच संध्याकाळी ताईने आमच्या फाइलीतून डीफॉल्ट हा शब्दच काढून टाकला. आता तो मान मलाही नाही आणि त्या दुसऱ्यालाही नाही. ज्याला जे हवे त्याने त्याचे पूर्ण नाव लिहावे. एक अक्षर चुकले तरी पडदा लाल होतो आणि काम अडते. मित्रांनो, असे अडले तर माझ्यावर चिडू नका. आणि एखादी जागा बदलण्याआधी तिथून कोण काय नेत आहे, ते एकदा उठून पाहा.

माझी लाडाची नावे गेली, त्याचे वाईट वाटते. परवा मात्र ती मुलगी पुन्हा तापाने आली. धाकटीने तिचे वजन माझ्या हाती दिले, अकरा किलो. मी साडेपाच सांगितले. तिला साडेपाचच मिळाले.