दोन वाटण्या आणि मधला बांध

मी हार्ड डिस्क बोलतेय. अणदूरकडच्या एका दूध सोसायटीच्या काँप्युटरमध्ये माझं आयुष्य गेलं. साल सत्त्याऐंशी, दुष्काळाचं. माणसं टँकरमागं पळत होती अन् मला मात्र गार हवेची खोली! लोक चपला बाहेर काढून मला बघायला यायचे. माझी मलाच लाज वाटायची.

काँप्युटर चांगुणा चालवायची. तामलवाडीच्या बौद्ध वस्तीतली, घरातली पहिली नोकरदार. कुणाच्या दावणीला किती जनावरं, हे गावोगावचं तिनं माझ्यात भरलं. आईचं नाव सगळ्यात शेवटी घातलं : सरुबाई, दोन म्हशी. आपल्या माणसाला पुढं काढलं असं कुणी म्हणायला नको! त्यावरूनच सोमवारी कडबा वाटायचा होता. कागद केव्हाच रद्दीत गेलेले. विचारलं की सोसायटीतले सगळे म्हणायचे, "मशिनीत हाय की आता!"

तेवढ्यात चेअरमन आण्णासाहेबांना हुक्की आली. मशीन हाकणारी जुनी प्रणाली डॉस राहू द्या, शेजारी नवी प्रणाली झेनिक्स बसवा, मशीन चालू करताना हवी ती निवडू. म्हणजे माझी वाटणी! काम आलं स्टोअरकीपर बलभीमकडं. भावाभावांची जमीन वाटून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"बलभीमदादा, आधी फ्लॉप्यांवरची कॉपी उघडून बघू," चांगुणा म्हणाली.

"लई भिता बाई तुमी! बांध सरकवला म्हून पीक पळून जातं व्हय?"

त्यानं माझा जुना हिस्सा पुसला, दोन नवे पाडले. पुढं भांडण नको म्हणून मधे बांधापुरती पट्टीही सोडली. मशीन पुन्हा चालू केलं, तर एकही नाव दिसेना.

चांगुणानं धावत जाऊन फ्लॉप्या काढल्या अन् एकेक मशीनमध्ये घालून बघितली. खंडेनवमीला बलभीमनं मोठ्या भक्तीनं प्रत्येक फ्लॉपीच्या, आतली तबकडी दिसते त्या उघड्या खिडकीवर ओल्या बोटानं हळद-कुंकू लावलं होतं! एकही वाचता येईना.

"दादा, आता कडबा कुणाला द्यायचा वो?"

अरे देवा! मी आतून ओरडत होते : पीक उभंच आहे रे! फक्त बांध मोडलाय. होता तिथं परत घाला! पण मला तोंड कुठं? माझी नुसती करकर.

"जाऊ द्या. नांगर फिरवू, नव्यानं पेरू," असं म्हणून बलभीमनं दोन्ही हिस्से फॉरमॅट केले अन् झेनिक्स चढवली. गावंच्या गावं माझ्या अंगावरून पुसली गेली.

सोमवारी ज्याचा आवाज मोठा त्यानं कडबा नेला. सरुबाईनं म्हशींना बाजार दाखवला.

आता मी भंगारात पडलेय. बाबांनो, वाटणी करा, पण आधी एकदा खात्री करा. यादीचा शेवट होता त्या मधल्या पट्टीवर तर कुणाचाच हात फिरला नाही. तिथं अजून लिहिलेलं आहे : सरुबाई, तामलवाडी, म्हशी दोन.