उखाभाऊंची हलकी गाडी

"वेगाला जगात एकच शत्रू, वजन!" सुरतेतल्या उधन्याच्या मैदानावर जमलेल्या तमाम रसिकांना असं बजावून उखाभाऊ पाटील आपल्या रेसच्या गाडीत उतरले. मांड्यांपर्यंत उतरले. पुढे पोट होतं.

"काका, श्वास सोडी द्या," जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवणारा चेतन म्हणाला.

"तो मघाशीच सोडला."

चेतनने आणि आणखी एकाने काखेत हात घालून त्यांना वर ओढलं.

ही गाडी त्यांनी सव्विसाव्या वर्षी बांधलेली. तेव्हा ते कापड मिलमध्ये माग दुरुस्त करणारे लूम-फिटर होते आणि मिलमालकाच्या मुलाला शर्यतीचं वेड होतं. भंगारातल्या मागांच्या नळ्या, मोटारसायकलचं इंजिन, एकच सीट, चारही चाकं उघडी. वजन तीनशे दहा किलो. तेही खुपायला लागलं, तेव्हा पेडलांपासून सीटच्या पत्र्यापर्यंत त्यांनी ड्रिलने भोकं पाडली. दोनशे ऐंशी. मग मुलाचं वेड उतरलं, तो परदेशी गेला आणि गाडी उखाभाऊंच्या गळ्यात पडली. पाठोपाठ संसारही पडला. सरलाबाईंच्या लुगड्यावर चिखल उडतो म्हणून मडगार्ड आले. मुलगी झाली, मागे दुसरी सीट आली. मग टप, कॅरिअर, गॅस सिलिंडरसाठी कडी. चारशे चाळीस किलोंची ती शर्यतीची गाडी बरीच वर्षं रेशनला जात होती.

निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून उखाभाऊंनी एकेक जोड कापला. गाडी पुन्हा दोनशे ऐंशीवर आली, त्यांच्या सव्विसाव्या वर्षात परतली. मालक एकाहत्तरचाच राहिला.

आता प्रदर्शनाच्या नियमाप्रमाणे मैदानाला एक फेरी मारली नाही, तर गाडी दोरीमागे 'बंद' अशी पाटी लावून उभी राहणार होती. ती पाटी चेतनच्या हातातच होती. त्याने स्वतः बसून पाहिलं, पण सहा फुटी माणूस. गुडघे हनुवटीला लागले.

"राहू दे, चेतन," उखाभाऊ हळूच म्हणाले. "लाव पाटी."

"मी बसस," गर्दीतून पुढे येत सरलाबाई म्हणाल्या.

"तुले चालाडता येस का?"

"रोज सकाळे तुम्ही मांगून धक्का मारेत, तवय क्लच कोन सोडे?"

गाडीची ही कथा उखाभाऊंनी हजारदा सांगितली होती. नळ्या, इंजिन, भोकं, सगळं असायचं तिच्यात. हा पाय कधी आला नव्हता.

सरलाबाईंनी पदर खोचला आणि अंगावर बेतून शिवल्यासारख्या गाडीत बसल्या. उखाभाऊंनी मागून जोर लावला. गुडघे करकरले. नेमक्या क्षणी क्लच सुटला, इंजिनाने आवाज धरला आणि गाडी त्यांच्या तळव्यांखालून निघून गेली. ते दोन्ही हात पुढे केलेले तसेच उभे राहिले.

फेरी पुरी झाली. टाळ्या पडल्या. चेतनने पाटी काखेत दडवली. डोळे पुसत उखाभाऊ गाडीजवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोला चारचौघांत नावाने हाक मारली.

"सरला..."

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मना पायले मुंग्या यी ग्यात. जरासा चोळी द्या ना."